आरोग्याच्या समाजशास्त्राची जागा आणि आमची कॉलनी

माझ्या टेबलावरून झालेली एकही भरती आजवर कोर्टात गेलेली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात माझी शोभा बरीच झालेली आहे, आणि ऐकणाऱ्याला माणूस कोण आहे ते ठाऊक असलेलं बरं. मी अनिलकुमार बिराजदार. विद्यापीठाच्या आस्थापना विभागात एकतीस वर्षं काढली, शेवटची अकरा अधीक्षक म्हणून. शिपायापासून प्राध्यापकापर्यंत दोनशे चौदा माणसं माझ्या सहीनं रुजू झाली आणि एकाच्याही कागदात कुणाला खोट काढता आली नाही. कुलगुरू सहा आले, सहा गेले. सातव्या मॅडम आल्या तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "बिराजदार कोण?" आता बोला.

या एकतीस जानेवारीला मी निवृत्त झालो. जाता जाता जी शेवटची जागा माझ्या गळ्यात पडली ती अशी: सहायक प्राध्यापक, आरोग्याचे समाजशास्त्र, पद एक.

या विषयाचं नाव ऐकून माणसं जरा थांबतात. मीही थांबलो होतो. पहिल्यांदा जाहिरात दिली तेव्हा अकरा अर्ज आले. सात नर्सिंगचे, तीन फार्मसीचे आणि एक जिम चालवणाऱ्याचा, सोबत स्वतःचे दंड फुगवलेले दोन फोटो. दुसऱ्यांदा उमेदवार बरोबर आले, पण विषयतज्ज्ञ आले नाहीत. मग वरून पत्र आलं की पंधरा जानेवारीपर्यंत निवड करून कळवा, नाहीतर पद परत घेण्यात येईल. ते पत्र घेऊन समाजशास्त्राचे विभागप्रमुख युवराज सर माझ्यासमोर येऊन बसले. चाळिशीतला माणूस, पण ही जागा मागून मागून डोकं पांढरं झालेलं. "बिराजदार," ते म्हणाले, "विडी वळणाऱ्या बायका, मागावर उभी राहणारी माणसं, सगळी या गावात. आणि त्यांच्या दुखण्याचा अभ्यास करणारा एक माणूस आपल्याकडं नसावा?" मी म्हणालो, "सर, जागा जाणार नाही. मी आहे." हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा बोललोय. कधी खाली पडलं नव्हतं.

संध्याकाळी कॉलनीच्या कट्ट्यावर मी विषय काढला, ही माझी चूक. आमची कॉलनी जुळे सोलापुरात, आणि कट्ट्यावरची सगळी मंडळी निवृत्त, त्यामुळं सल्ल्याला कमतरता नाही. नबीलालभाई एसटीत वाहतूक नियंत्रक होते. त्यांच्या खिशात अजून छोटी डायरी असते आणि कॉलनीत कोण किती वाजता आलं, किती वाजता गेलं, ते लिहून ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. ते म्हणाले, "साहेब, आरोग्याचा माणूस पाहिजे तर डॉक्टर घ्या की. झगडाच मिटला." मी समजावलं की हा माणूस औषध देत नाही, लोक आजारी का पडतात आणि पडल्यावर काय करतात ते बघतो. "मंग ते तर आमी रोज बघतो," असं म्हणून बाळासो हसले. बाळासो करमाळ्याकडचे, साखर कारखान्यात काट्यावर कारकून होते. हसून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "आमच्या भाच्याचं मेडिकल हाय जेऊरला. त्येचा अर्ज घालू का?"

मी उठून घरी आलो. माणसानं आपली विद्या कुठं उघडी करावी याला काही ताळतंत्र असावं.

आता खरी अडचण ऐका. या वेळच्या विषयतज्ज्ञ डॉ. मारिया, वसईच्या. फोनवर म्हणाल्या, "तेराला मी चेन्नईत, पंधराला दिल्लीत. चौदाला दहा ते दोन." चौदा जानेवारी! संक्रांत. आदल्या दिवशी सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या अक्षता झालेल्या, त्या दिवशी रात्री होम, गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या मैदानावर, पाय ठेवायला जागा नाही. त्या दिवशी सोलापुरात कुणी मुलाखत ठेवली तर त्याच्या घरचेही त्याच्याशी बोलणार नाहीत. पण पद जाणार म्हटल्यावर मी ठेवली. सुट्टीच्या दिवशी कार्यालय उघडायचा आदेशही काढला. कुलगुरू मॅडम सही करताना म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणून." मला बरं वाटलं, लपवत नाही.

तेरा तारखेला दुपारी वसतिगृहातून फोन आला. सगळी पोरं यात्रेला नाहीतर गावाला. एक मुलगा शिल्लक, तोही तापानं झोपलेला.

मी खुर्चीतच बसून राहिलो. का, ते सांगतो. चार वर्षांपूर्वी मी स्वतः एक परिपत्रक काढलं होतं. उमेदवारानं मुलाखतीआधी किमान वीस विद्यार्थ्यांसमोर वीस मिनिटं शिकवून दाखवावं, आणि विद्यार्थ्यांची उपस्थिती व वेळ अधीक्षकांनी सहीनिशी प्रमाणित करावी. असं परिपत्रक या भागात कुणी काढलं नव्हतं. दोन विद्यापीठांनी त्याची प्रत मागवून नेली. आता माझ्याच परिपत्रकानं माझं बखोट धरलं होतं.

घरी आलो तर दाक्षायणी, म्हणजे माझी बायको, तिळगूळ वळत बसली होती. मी कपाळाला हात लावून तिला सगळं सांगितलं. ती मान वर न करता म्हणाली, "वीसच माणसं पाहिजेत नं? कॉलनीत आहेत की."

"अगं, विद्यार्थी पाहिजेत! माणसं घेऊन काय करू?"

"मग करा त्यांना विद्यार्थी. तुम्हीच करताय नं सगळ्यांचं सगळं?"

हे ती चिडवून बोलली, पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अध्यादेश क्रमांक सतरा! 'एकदिवसीय अभ्यागत विद्यार्थी'. कुणाही नागरिकाला एका दिवसापुरता प्रवेश घेऊन तासाला बसता येतं. अध्यादेश निघाल्यापासून एका माणसानंही तो वापरला नव्हता, आणि तो आहे हे ठाऊक असलेला विद्यापीठात मी एकटा. मी तसाच परत ऑफिसला गेलो, वीस कोरे फॉर्म आणले आणि कट्ट्यावर टेबल मांडून प्रवेश सुरू केले.

तुम्हाला वाटेल, सोपं असेल. जन्मतारखेवरूनच अर्धी कॉलनी भांडली. बायका म्हणाल्या, वय लिहायचं असेल तर आम्ही शिकत नाही. एकोणीस झाले, विसावं माणूस मिळेना, म्हणून विद्यापीठातच झाडलोट करणाऱ्या केराबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "कोयनंचा भूकंप झाला तवा मी रांगत व्हते, बगा. त्येच्यावरनं काय ती तारीख टाका." टाकली. अकरावा रकाना होता 'शारीरिक व्याधी असल्यास नमूद करावी'. तो मी कुणाला विचारलाच नाही. एवढ्या लोकांना व्याधी विचारत बसलो असतो तर संक्रांत उलटून गेली असती. वीसच्या वीस फॉर्मवर ठसठशीत अक्षरात लिहिलं: निरंक. बायकोच्याही फॉर्मवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी नबीलालभाईंच्या आरिफनं आपली शाळेची व्हॅन काढली. दोन फेऱ्या झाल्या. नबीलालभाई दारात उभे राहून, "चला, पुढं सरका, शिटं भरून घ्या," करत होते. संक्रांत म्हणून बायका झाडून सगळ्या काळ्या साड्यांत, हातात तिळगुळाचे डबे. दुसऱ्या मजल्यावरच्या दोनशे चार नंबरच्या वर्गात मी त्यांना ओळीनं बसवलं, हजेरी घेतली. खरं सांगतो, माझा ऊर भरून आला. एकतीस वर्षं मी विद्यार्थ्यांचे कागद बघितले होते, पण इतके शिस्तीत बसलेले विद्यार्थी कधी बघितले नव्हते.

डॉ. मारिया बरोबर दहाला आल्या. उंच, पांढरे केस, चष्मा नाकावर. वर्गाकडं बघून दारातच थांबल्या आणि पहिल्या बाकावरच्या नबीलालभाईंना म्हणाल्या, "आपण कितव्या वर्षाला?"

"चौसष्टावं लागलं, मॅडम."

मी पुढं होऊन अध्यादेश सतरा वाचून दाखवला. पूर्ण. पोटकलमांसह. त्यांनी माझ्या हातातला वीस फॉर्मांचा गठ्ठा घेऊन मोजला, टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "नियमात बसतंय. सुरू करा." कुलगुरू मॅडम आणि युवराज सर मागच्या बाकावर बसले. युवराज सरांनी डोळे मिटून घेतले होते.

पहिले उमेदवार डॉ. उदयसिंह, पुण्याहून आलेले. हुशार माणूस, कोट कडक, चौसष्ट स्लाइडी. तिसऱ्या स्लाइडीला बाळासोंची मान खाली गेली आणि सातव्या स्लाइडीला घोरणं सुरू झालं. घोरणंही असलं, की काट्यावर उसाचा ट्रॅक्टर उभा आहे. मी लांबून खुणा केल्या, खोकलो, खडू फेकून मारला, तो केराबाईंना लागला. शेवटी डॉ. उदयसिंहांनी विचारलं, "काही प्रश्न?" तेव्हा नबीलालभाई उभे राहिले. "साहेब, शुगरला कारल्याचा रस सकाळी घ्यायचा की रात्री?" मला वाटलं, जमीन दुभंगावी. ते बिचारे सभ्यपणे म्हणाले, "मी त्यातला नाही."

मग डॉ. ऋतुजा व्यवहारे आल्या. करकंबच्या. सकाळच्या पहिल्या एसटीनं आलेल्या, खांद्याला कापडी पिशवी. स्लाइडी नाहीत, काही नाही. मला काळजी वाटली. त्यांनी वर्गावर एक नजर टाकली, टेबलावरचा फॉर्मांचा गठ्ठा उचलला आणि चाळायला लागल्या. चाळता चाळता हसल्या.

"वीस विद्यार्थी," त्या म्हणाल्या. "वय चाळीसपासून बहात्तरपर्यंत. आणि एकालाही, एकसुद्धा आजार नाही. निरंक, निरंक, निरंक. अहो, असं गाव जगात दुसरं नसेल. हे कुणी लिहिलं?"

वीस बोटं माझ्याकडं वळली. मी म्हणालो, "रकाना कोरा सोडता येत नाही, मॅडम."

"बरोबर आहे सर. सगळीकडं असंच लिहितात. माझा विषय हाच आहे," त्या म्हणाल्या आणि वर्गाकडं वळल्या. "आता मला खरं सांगा. गुडघे कुणाचे दुखतात?"

चौदा हात वर. शुगर? नऊ. बीपी? अकरा, त्यात बाळासो, जे मला रोज सांगायचे की मी गोळी नावाची वस्तू बघितलेली नाही. रात्री झोप न येणं? तिथं मी मोजायचं सोडलं. मग त्यांनी विचारलं, "यातलं घरात कोणाकोणाला माहीत आहे?" हात खाली आले. केराबाई म्हणाल्या, "घरात सांगून काय करायचं, बाई? सांगितलं की म्हंत्यात, काम नको म्हणून सोंग करती." ऋतुजा मॅडमनी ते फळ्यावर लिहिलं. जसंच्या तसं. आणि त्यावरून त्यांनी जे बोलायला सुरुवात केली, बाईमाणूस आपलं दुखणं किती दिवस आणि का दाबून ठेवतं, कुणाला सांगतं, कुणाला सांगत नाही, ते ऐकून मागच्या बाकावर युवराज सरांनी डोळे उघडले. डॉ. मारियांनी चष्मा काढून हातात धरला. एकही माणूस पेंगत नव्हता. मी भिंतीला टेकून मनात म्हणत होतो, हीच. जागा हिची.

"मागच्या बाकावरच्या काकू, तुम्ही कधीच्या काहीतरी सांगायचं म्हणताय," ऋतुजा मॅडम म्हणाल्या.

मागच्या बाकावर दाक्षायणी होती.

"विशेष काही नाही," ती म्हणाली. "जिना चढलं की इथं, गळ्यापाशी, आवळल्यासारखं होतं. डावा हात जड होतो. थांबलं की जातं. दोन महिने झाले असतील."

"आणि आत्ता दोन जिने चढून आलात?"

"हो. आत्ता जरा जास्तच वाटतंय."

ऋतुजा मॅडमनी खडू खाली ठेवला. "तास थांबवते मी. काकूंना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. जिना उतरवू नका, खुर्चीत बसवून उचला."

आता हे सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. त्या क्षणी माझी नजर घड्याळावर गेली. चौदा मिनिटं झाली होती. वीस पाहिजेत. सहा कमी पडली तर उमेदवार बाद, आणि पद बाद. हे त्या बाईलाही ठाऊक होतं, मुलाखतीच्या पत्रात मीच ठळक अक्षरात छापलं होतं. तरी तिनं खडू ठेवला. मी मात्र घड्याळ बघत उभा. दाक्षायणीनं माझ्याकडं बघितलं आणि आमच्या घरच्या कानडीत पुरे म्हणतात तसं म्हणाली, "साकु आता. चला." मग माझे पाय हलले.

आरिफनं व्हॅन अशी काढली की विचारू नका. खुर्चीला चौघं, त्यात डॉ. उदयसिंहही होते, कोट काढून. दवाखान्यात पोचल्या पोचल्या तिला आत नेलं. हृदयाच्या मोठ्या नळीत नव्वद टक्के अडथळा. डॉक्टर म्हणाले, "आज आणलंत म्हणून बरं. संध्याकाळी होमाला त्या गर्दीत गेल्या असत्या तर मी काही सांगू शकलो नसतो." आम्ही जाणारच होतो. दरवर्षी जातो.

आतला दरवाजा बंद झाला. मी बाहेरच्या बाकावर बसलो. माझ्या हातात अजून हजेरीपत्रक होतं, त्याची गुंडाळी होऊन घाम लागलेला. हळूहळू सगळी कॉलनी आली, दुसऱ्या फेरीत डॉ. मारिया, कुलगुरू मॅडम आणि युवराज सरही. आणि ऋतुजा मॅडम. त्या माझ्या शेजारी बसल्या, पाणी दिलं आणि मग बायकांकडं वळून हलक्या आवाजात विचारायला लागल्या. कुणाकुणाला असं होतंय? कधीपासून? तपासलं का? का नाही? तिथं कॉरिडॉरमध्ये बाळासो रडले. म्हणाले, "माजी मालकीण अशीच गेली. गॅस झालाय म्हणत व्हती. मी सोडा दिला." दहा वर्षं रोज कट्ट्यावर बसतोय, हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं.

तास-दीड तासानं दरवाजा उघडला. आत स्टेंटची नळी घातली, रक्त मोकळं झालं, धोका टळला. मी उभ्या उभ्या रडलो. नबीलालभाईंनी मला धरलं, त्यांचेही डोळे वाहत होते.

मी डोळे पुसले आणि मला सहा मिनिटं आठवली. डॉ. मारियांना म्हणालो, "मॅडम, निवड कोणाची करायची ते तुमचं. पण मला वीस मिनिटं प्रमाणित करायची आहेत, आणि झाली चौदा. खोटी सही मी करणार नाही. आणि ही उमेदवार हातची गेलेली मला सोसणार नाही." एकतीस वर्षांत वरिष्ठांसमोर मी एवढं सरळ बोललो नव्हतो.

नबीलालभाईंनी खिशातून डायरी काढली. "साहेब, दोनशे चार नंबर, अकरा दहाला सुरू, अकरा चोवीसला बंद. चौदा मिनिटं. दवाखान्याचा कॉरिडॉर, बारा वीसला सुरू, बारा बावन्नला बंद. बत्तीस मिनिटं. विद्यार्थी एकोणीस हजर, एक आत. समितीही हजर. टोटल शेहेचाळीस."

डॉ. मारियांनी माझ्याकडं बघितलं. "तुमच्या परिपत्रकात वर्ग कुठं घ्यावा असं लिहिलंय?"

नव्हतं लिहिलेलं. माझ्या परिपत्रकात पहिल्यांदाच काहीतरी राहून गेलं होतं, आणि मला त्याचा एवढा आनंद झाला की काय सांगू. मी डायरीचं पान जोडलं, विसावी विद्यार्थिनी आत उपचार घेत होती हेही स्पष्ट लिहिलं, घडलं ते सगळं जसंच्या तसं नमूद केलं आणि सही ठोकली. डॉ. मारियांनी आपलं निघणं पुढं ढकललं आणि बाकीच्या मुलाखती दुपारी विद्यापीठात झाल्या. पंधरा तारखेला निवड वर कळवली. डॉ. ऋतुजा व्यवहारे, एकमतानं. डॉ. उदयसिंहांना मी स्वतः फोन करून सांगितलं की आक्षेप घ्यायचा तुम्हाला अधिकार आहे. ते म्हणाले, "काका, माझ्या तासाला एक जण घोरत होता आणि तिच्या तासाला एक जीव वाचला. कोर्टात काय सांगू मी?"

पंधराच्या संध्याकाळी मी दवाखान्यात गेलो, पेढे घेऊन. दाक्षायणी उशीला टेकून बसली होती. मी तिला निवडीचं सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर असा काही उजेड आला की नळीचं सार्थक झालं. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना ती सांगायला लागली, "आमच्या ह्यांनी आणलं त्या पोरीला. सुट्टीच्या दिवशी ऑफिस उघडून. माझ्या फोटोसकट प्रवेश घेतलाय मी विद्यापीठात." मी मान खाली घालून ऐकत होतो. सगळं खरं होतं, आणि मला ते ऐकवत नव्हतं.

मग मी विचारलं. कालपासून अडून राहिलेलं विचारलं. "दोन महिने झाले आणि मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं की," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "दिवाळी झाली तेव्हा. तुम्ही जाहिरातीचा कागद तपासत होता."

"मग मी काय म्हणालो?"

"म्हणालात, 'नोंद घेतली.'"

मी उठलो, तिच्या पायथ्याशी जाऊन बसलो आणि तिचे पाय चेपायला लागलो. नर्स आली. बघून म्हणाली, "काका, यांचं दुखणं छातीचं आहे, पायांचं नाही."

"असू दे, सिस्टर," दाक्षायणी म्हणाली. "आत्ताच रुजू झालेत. शिकतील हळूहळू."